परभणी, हिंगोली, लातूर, नांदेड, पैठण: फ्लामेंको गिटारचे प्रकार आणि ठेका

आधी गिटार बाजूला ठेवा आणि एकसारख्या गतीने मोठ्याने म्हणा: पर-भ-णी, हिं-गो-ली, ला-तूर, नां-देड, पै-ठण. पहिली दोन गावं तीन-तीन मात्रांची, पुढची तीन दोन-दोन मात्रांची. बेरीज बारा. आता प्रत्येक गावाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या. पाच टाळ्या पडतात: आधी लांब अंतराच्या, मग जवळजवळच्या. स्पेनच्या फ्लामेंको संगीतातले सर्वांत मोठे प्रकार याच पाच टाळ्यांवर उभे आहेत. दोन दिवस, चालताना, दळण आणायला जाताना, एसटीत बसल्यावर हेच म्हणत राहा. तोंडात बसलं नाही तर बोटात बसणार नाही.

स्पेनमध्ये या चक्राला कोम्पास म्हणतात. आपल्याकडे आवर्तन, ठेका आणि लय असे तीन वेगळे शब्द आहेत. त्यांचा कोम्पास एकटा या तिघांचं काम करतो. आणि ज्याला आपण ‘प्रकार’ म्हणू तो त्यांचा पालो. कोणता कोम्पास, कुठला सूर आणि कोणता भाव, या तिघांवरून पालो ठरतो. नुसता वेग वाढवला म्हणून एक पालो दुसरा होत नाही.

मात्रा मोजायला घड्याळाची तबकडी वापरा. कागदावर मोठं वर्तुळ काढा, बारा आकडे लिहा आणि 12, 3, 6, 8, 10 हे पाच आकडे लाल करा. ‘पर’ 12 वर, ‘हिं’ 3 वर, ‘ला’ 6 वर, ‘नां’ 8 वर आणि ‘पै’ 10 वर येतो. हा कागद सरावाच्या जागी भिंतीला लावून टाका.

पैठणला उतरायचं

भजनात, तबल्यात वाढलेल्या माणसाची इथे हमखास चूक होते. आपला कान समेवर टेकतो. तिहाई घेतली की ती पहिल्या मात्रेवर येऊन पडते आणि मान आपोआप डोलते. एकतालही बारा मात्रांचा, पण त्याचे सहा विभाग दोन-दोन मात्रांचे आणि ओढ पहिल्या मात्रेकडे. फ्लामेंकोत वाक्य 10 वर संपतं, म्हणजे आपल्या गावांच्या यादीत ‘पै’ वर. 11 हा श्वास, आणि 12 ला पुढच्या फेरीची तयारी सुरू झालेली असते. पहिल्या मात्रेवर जोर द्याल, तर बाकी सगळं बरोबर वाजवूनही ऐकणाऱ्याला ते फ्लामेंको वाटणार नाही. आठवडाभर फक्त एवढंच करा: बारा मात्रा तोंडाने म्हणा, टाळी एकच, ‘पै’ वर. मग तिथेच थांबून ‘ठण’ ची शांतता ऐका.

अशी शांतता ठेवणं सुरुवातीला अवघड जातं, कारण रिकामी मात्रा भरून काढायची आपल्या हाताला सवय असते.

एकच घड्याळ, वेगवेगळी सुरुवात

सोलेआ हा सगळ्याचा पाया समजा. संथ, गंभीर, गाण्याला भरपूर जागा देणारा. मोजणी 1 पासून, म्हणजे ‘परभणी’ तल्या ‘भ’ पासून. जोर 3, 6, 8, 10, 12 वर. गिटारवर हा बहुधा ई फ्रिजियनमध्ये वाजतो. फ्रिजियन म्हणजे आपल्या भैरवी थाटाचे स्वर: रे, ग, ध, नि कोमल. फरक एवढाच की शेवटचा ‘घरचा’ कॉर्ड ई मेजर असतो, म्हणून त्यात शुद्ध गंधार येतो. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार शेजारी आले की बसंत मुखारीची आठवण येते. फ्लामेंकोचा तो ओळखीचा रंग इथून येतो. कॉर्ड ए मायनर, जी, एफ, ई असे खाली उतरतात, म्हणजे म, कोमल ग, कोमल रे, सा. गळ्याने हे चार स्वर म्हणून पाहा, लगेच कळेल.

बुलेरिआस म्हणजे तेच घड्याळ, पण वेगात, मोजणी 12 पासून. आपलं ‘परभणी’ जसंच्या तसं. वेग सहज मिनिटाला 200 मात्रांच्या पुढे जातो. हेरेस हे गाव या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे. पाय प्रत्येक मात्रेवर नाही, एकाआड एक मात्रेवर पडतो: 12, 2, 4, 6, 8, 10. इतक्या वेगात 8 ऐवजी 7 वर जोर येणं, किंवा 7 आणि 8 दोन्हीवर येणं नेहमीचं आहे. त्यात गोंधळून जाऊ नका, 10 पकडून ठेवा. बुलेरिआस बहुधा ए फ्रिजियनमध्ये वाजतात: डी मायनर, सी, बी फ्लॅट, ए.

आलेग्रिआस स्पेनमधल्या कादिस शहराचे. कोम्पास सोलेआचाच, पण सूर मेजर आणि चाल उमेदीची. ई मेजर आणि बी सेव्हन या दोनच कॉर्डवर बराच वेळ वाजवता येतं. सोलेआ येत असेल तर हा प्रकार महिनाभरात हाताला लागतो.

सिगिरियाबद्दल मात्र जरा थांबून बोलावं लागेल. शिकणाऱ्याची इथे सर्वांत जास्त गडबड होते, कारण पुस्तकात ती पाच असमान ठोक्यांत मोजलेली असते आणि आधीच्या बारांशी तिचा संबंध दिसत नाही. संबंध आहे. घड्याळ तेच, सुरुवात 8 पासून. म्हणून म्हणा: नांदेड, पैठण, परभणी, हिंगोली, लातूर. दोन, दोन, तीन, तीन, दोन. पाच गावं म्हणजे पाच ठोके, मधले दोन लांब. आधी इतक्या सावकाश म्हणा की एका गावानंतर दुसरं गाव येण्याची वाट पाहावी लागेल. सिगिरिया शोकाचं गाणं आहे. त्या लांब ठोक्यांत घाई झाली की सगळा भारच जातो. मधले दोन ठोके बाकीच्यांइतके आखूड करणं ही ठरलेली चूक. मात्रा मनात मोजणं सोडलं की ती होतेच.

चार मात्रांचे प्रकार सोपे वाटतात, पण त्यांच्यातही एक खोच आहे. तांगोसमध्ये (अर्जेंटिनाच्या टँगो नृत्याशी गल्लत करू नका) पहिल्या मात्रेवर फक्त पाय पडतो, टाळ्या 2, 3, 4 वर. केहरव्याच्या सवयीने पहिल्यावर टाळी पडली की ठेका जड होतो. तांगोसचाच संथ, ओढून घेतलेला अवतार म्हणजे तिएन्तोस. फारुका मायनर सुरात, चार मात्रांचा, नाचासाठी जास्त वापरला जाणारा. रुंबा क्युबाकडून आलेला, हलका. चार मात्रांचे आठ अर्धे खण, त्यांत 3+3+2 अशी विभागणी: जोर 1, 4 आणि 7 वर. हात वर-खाली अखंड चालू द्या, विषम खणांवर खाली, सम खणांवर वर. म्हणजे चौथ्या खणावरचा जोर आपोआप वरच्या फटक्यावर येतो आणि रुंब्याला त्याची झुलती चाल तिथेच मिळते. तिसऱ्या खणावर हाताचा तळवा तारांवर आपटून आवाज बंद करा. नव्या माणसाला लवकर आनंद हवा असेल तर रुंबा पहिल्या आठवड्यात वाजवायला हरकत नाही, फक्त त्यालाच फ्लामेंको समजून तिथे थांबू नका.

तारान्तास, ग्रानाईनास, मालागेन्या हे बिनठेक्याचे प्रकार. आलापासारखे, गाणाऱ्याच्या श्वासाने चालणारे. ते शेवटी घ्या.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फ्लामेंकोत मोठा वाटा असलेल्या रोमा (जिप्सी) लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून पश्चिमेकडे गेले आणि 15व्या शतकात स्पेनमध्ये पोहोचले, हे खरं आहे. त्यावरून कोम्पास म्हणजे आपलाच ताल असा निष्कर्ष काढला जातो, तो बरोबर नाही. फ्लामेंकोला आकार आला तो 18व्या-19व्या शतकात, दक्षिण स्पेनच्या अंदालुसियात, अनेक लोकांच्या संगीतातून. आपली ताल-परंपरा ते समजून घ्यायला मदत करते, एवढं पुरेसं आहे.

वाद्य, नखं आणि मराठवाड्याचा उन्हाळा

आपल्या भागातल्या दुकानांत पुढे टांगलेल्या गिटार बहुतेक स्टीलच्या तारांच्या असतात. मागताना ‘नायलॉन तारांची, रुंद मानेची’ असं सांगा. खास फ्लामेंको गिटार सायप्रस लाकडाची, हलकी आणि तार फळीच्या जवळ बसवलेली असते. बाराव्या पट्टीवर (फ्रेटवर) सहाव्या तारेखाली साधारण 3 मिलिमीटर. साध्या क्लासिकल गिटारवर हे अंतर 4 च्या आसपास असतं. शिकायला तीही चालते. फक्त नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. ताण एवढा वाढतो की ब्रिज, म्हणजे तारा बांधलेला लाकडी तुकडा, उखडतो.

गोल्पेसाठी, म्हणजे लाकडावर बोटाच्या ठोक्यासाठी, वरच्या फळीवर पारदर्शक पातळ पट्टी चिकटवलेली हवी. ती नसेल तर नखाने लाकडाला खड्डे पडतात. पट्टी पहिल्या तारेच्या खालच्या बाजूला हवीच, शक्य असेल तर सहाव्या तारेच्या वरच्या बाजूलाही लावा. हाताने पॉलिश केलेल्या महागड्या गिटारवर स्वतः काही चिकटवू नका, गोंदाने पॉलिश उखडतं.

उजव्या हाताची नखं बोटाच्या टोकापुढे एक ते दोन मिलिमीटर, कडा बारीक कानशीने गोल केलेल्या. तबला वाजवणाऱ्यांना इथे निवड करावी लागते, कारण त्या हातावर लांब नखं चालत नाहीत. त्यांनी आखूड नखांनीच रास्गेआदो (बोटांनी तारा झटकणं, ते पुढे येईल) आणि ठेका शिकावा. आवाज मऊ येईल, लय तीच राहील.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे आणि हवा कोरडी असते, तेव्हा लाकूड आकसतं. फ्रेटच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं मानेच्या कडेला बोटाला टोचू लागली, तर गिटार सुकते आहे असं समजा. पुढची पायरी म्हणजे ब्रिजजवळ धाग्याच्या दिशेने तडा. उपाय साधा आहे: साबणाच्या प्लॅस्टिक डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि ती डबी गिटारच्या पेटीत, मानेखालच्या जागेत ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज ओला करा. पाणी ठिबकता कामा नये. पेटी पत्र्याच्या खोलीत, गाडीत किंवा गच्चीला लागून असलेल्या भिंतीशी ठेवू नका. कूलरच्या झोतासमोर गिटार टांगणं तितकंच वाईट. रात्रभर दमट आणि दुपारी कोरडं, अशा हेलकाव्यानेच जास्त तडे जातात. पावसाळ्यात स्पंज काढून टाका.

रास्गेआदो

बोटं एकामागून एक उघडत तारांवरून फिरवणं म्हणजे रास्गेआदो. अंगठा सहाव्या तारेवर हलका टेकवा. बाकीची बोटं तळव्याकडे मिटा. आता अनामिका, मधलं बोट, तर्जनी या क्रमाने एकेक बोट बाहेर सोडा. नखाची बाहेरची बाजू तारांवरून खाली जाईल. मग तर्जनी वर ओढा. एका मात्रेत चार आवाज: तीन खाली, एक वर.

बोटं एकत्र सुटली की चार आवाजांऐवजी एकच ‘फर्र’ येतो. याचं कारण बोटं बाहेर फेकणारे स्नायू रोजच्या कामात फारसे वापरले जात नाहीत. आपण धरतो, आवळतो, उचलतो, सगळं आत वळवून. म्हणून गिटारशिवाय मांडीवर सराव करा. बोट अंगठ्याखाली अडवा आणि टिचकीसारखं सोडा, प्रत्येक बोट वीस वेळा. मग डाव्या हाताने तारा हलक्या झाकून, म्हणजे स्वर न येता नुसता ‘खट’ येईल अशा, मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर लावा आणि मात्रेला चार फटके द्या. चारही सारख्या जोराचे आले की मगच 66, मग 72. अनामिकेचा आवाज सगळ्यांत कमी येतो. तिचा जोर वाढवण्याऐवजी बाकीच्यांचा कमी करा. मनगट फिरवून काम काढू नका, हालचाल बोटांच्या मुळातून यायला हवी. कोपराखाली दुखायला लागलं की थांबा. दहा-दहा मिनिटांच्या तीन बैठका एका तासापेक्षा जास्त देतात.

रास्गेआदोचा जोर बहुधा शेवटी, पुढच्या मात्रेवर येऊन पडणाऱ्या तर्जनीच्या फटक्यावर असतो. म्हणजे 9 च्या मात्रेत फेक आणि 10 वर ठोका. ‘देड’ मध्ये गडगडाट, ‘पै’ वर वीज.

दुसरा उपयोगी प्रकार आबानिको, पंख्यासारखा: अंगठा वर, अनामिका खाली, अंगठा खाली. एका मात्रेत तीन आवाज. इथे मात्र मनगट फिरतं, कुलूप उघडताना फिरतं तसं.

गोल्पे अनामिकेने, पहिल्या तारेखालच्या पट्टीवर. एकटा वाजवा, मग तर्जनीच्या खालच्या फटक्याबरोबर एकाच क्षणी. दोन्ही आवाज मागे-पुढे ऐकू येत असतील तर अनामिका उशिरा पोहोचते आहे. हात तारांच्या आणखी जवळ आणा.

पहिला पूर्ण कोम्पास

सोलेआ घ्या. एफसाठी पूर्ण बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) नको: चौथी तार तिसऱ्या पट्टीवर, तिसरी तार दुसऱ्यावर, दुसरी तार पहिल्यावर, पहिली तार मोकळी. ती मोकळी तार चुकीची नाही, फ्लामेंकोचा आवाज तसाच असतो. मात्रा 1 आणि 2 वर ई मेजर, तर्जनीने हलके खाली. 3 वर एफ, ठाशीव. 4 आणि 5 सोडून द्या. 6 वर पुन्हा एफ. 7, 8, 9 मध्ये अंगठ्याने एफच्या तारा एकेक करून छेडा. 10 वर ई मेजर आणि गोल्पे एकाच वेळी. 11 रिकामी. 12 वर नुसता गोल्पे.

लक्षात ठेवायचं सूत्र: कॉर्ड 3 वर बदलतो, 10 वर घरी येतो. बुलेरिआसमध्येही तेच: ‘परभणी’ भर ए, ‘हिं’ पासून ‘देड’ पर्यंत बी फ्लॅट, ‘पै’ वर ए. आलेग्रिआसमध्ये ई, बी सेव्हन, ई.

मेट्रोनोम सुरुवातीला प्रत्येक मात्रेवर. जमलं की दर तिसऱ्या मात्रेवर ठोका येईल असा लावा: 120 च्या वेगासाठी 40. आता ठोके 12, 3, 6, 9 वर पडतील आणि 8 व 10 तुम्हाला स्वतः सांभाळावे लागतील. जिथे घसराल तिथेच तुमचा कोम्पास कच्चा आहे.

स्वतःचा ठेका घडवताना

सगळी गंमत एका हिशोबात आहे: सहा मात्रा दोन प्रकारे मोडता येतात, 3+3 किंवा 2+2+2. दादरा येणाऱ्याला हे लगेच कळेल. कोम्पासची पहिली अर्धी फेरी पहिल्या प्रकारे मोडते, दुसरी अर्धी दुसऱ्या प्रकारे. बुलेरिआसमध्ये अर्ध्या फेरीवरही, म्हणजे सहाच मात्रांवर, बराच वेळ राहता येतं. आधी चार फेऱ्या साध्या वाजवा. पाचव्यात पहिल्या सहा मात्रांनाही 2+2+2 करा. पाय तोच, हात बदललेला. ऐकणाऱ्याला जमीन सरकल्यासारखी वाटते, आणि 10 वर तुम्ही घरी आलात की सगळं जागेवर येतं.

दुसरा मार्ग काढून टाकण्याचा. बुलेरिआसमध्ये 12 वर फक्त गोल्पे, 1, 2, 3 वर फटके, 4 आणि 5 गप्प, 6 वर गोल्पे, 7, 8, 9, 10 वर फटके. आता एका फेरीत 1 काढा, दुसरीत 8 काढा, तिसरीत 6 चा गोल्पे काढा. काय काढलं की ठेका आणखी पुढे ढकलल्यासारखा वाटतो आणि काय काढलं की तो कोसळतो, हे दोन आठवड्यांत कानाला कळतं. 3 आणि 10 दोन्ही एकाच फेरीत काढू नका.

तिसरा, टाळ्यांकडून शिकण्याचा. फ्लामेंकोच्या टाळ्यांना पालमास म्हणतात. तळवे खोलगट करून दबका आवाज, किंवा तीन बोटं दुसऱ्या तळव्यावर मारून टणक आवाज. गाणं चालू असताना दबकी टाळी, नाच रंगात आला की टणक. खुलदाबादच्या उरुसात कव्वालीच्या टाळ्या ऐकलेल्यांना हातांचं एकत्र चालणं माहीत आहे. इथे त्यात एक भर आहे: एकजण मात्रेवर टाळी देतो, दुसरा दोन मात्रांच्या बरोबर मध्ये. जोडीदार नसेल तर मोबाइलवर पाच मिनिटं स्वतःच्या टाळ्या रेकॉर्ड करा आणि त्यावर मधल्या टाळ्या द्या. मग तोच मधला ठोका गिटारवर वरच्या फटक्यांत आणा. सोबतीला काहोन नावाची लाकडी पेटी असेल तर उत्तम. ती मूळची पेरूची. गिटारवादक पाको दे लुसिया यांनी 1970च्या दशकात ती फ्लामेंकोत आणली.

ऐकायला पाको दे लुसिया यांच्याबरोबरच साबिकास आणि त्याआधीचे रामोन मोन्तोया घ्या, आणि गिटारपेक्षा गाण्याची साथ जास्त ऐका. कामारोन दे ला इस्ला गात असताना गिटार किती वेळ गप्प असते, ते मोजा.

आणि रेमाते, म्हणजे वाक्य मिटवणारा फटकारा. कुठल्याही फेरीच्या शेवटी 7, 8, 9, 10 वर चार पूर्ण फटके द्या: तूर-नां-देड-पै. चौथा सगळ्यांत मोठा, गोल्पेसकट. 10 चा आवाज कानावर आला की उजवा तळवा तारांवर सपाट टेकवा आणि 11 वर उचलू नका. तळवा लवकर आला तर ‘पै’ चा आवाज गुदमरतो, उशिरा आला तर नाद 12 पर्यंत सांडतो. दोन्ही चुका मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकल्याशिवाय समजत नाहीत. सुरुवातीला 80 च्या वेगात, एका बैठकीत वीस रेमाते.